छप्पर थंड, धंदा पक्का: पालघर-बोईसरमध्ये कोणत्या घराला कोणतं इन्सुलेशन सुचवाल?



छप्पर थंड करण्याचं काम, म्हणजे हीटप्रूफिंग, कमी भांडवलात सुरू होतं. शिडी, ब्रश, दोन मदतनीस आणि रंगाच्या बादल्या एवढ्यावर पहिलं काम निघतं. म्हणूनच बरेच जण यात उतरतात आणि बरेच जण दुसऱ्या उन्हाळ्यात दिसत नाहीत. कारण सोपं आहे. ते एकच माल सगळ्या छपरांवर विकतात. एका घरात फरक पडतो, तीन घरांत पडत नाही, आणि बोईसरसारख्या गावात ही बातमी आठवड्याभरात पसरते.

आजच्या पाठाचं सूत्र एका ओळीत सांगतो: माल विकू नका, आधी छप्पर वाचा. ते कसं वाचायचं, कशाला काय लावायचं आणि कोटेशन कसं काढायचं, हे आज क्रमाने पाहू. वही-पेन जवळ ठेवा.

१. आधी विचारा: या खोलीत कोण झोपतं, आणि कधी?

तारापूर एमआयडीसीत अनेक कारखाने तीन पाळ्यांत चालतात. रात्रपाळी करून आलेला कामगार सकाळी आठला घरी येतो आणि झोपतो दिवसा. त्याची झोपेची वेळ म्हणजे नेमकी पत्रा सगळ्यात जास्त तापायची वेळ. वर सिमेंटचा पत्रा, खाली दहा बाय बाराची खोली, पंखा गरम हवा फिरवतोय. अर्धवट झोपेवर तो माणूस रात्री पुन्हा मशीनसमोर उभा राहणार आहे. आपण ज्याला 'छप्पर थंड करणं' म्हणतो, ते त्याच्यासाठी झोप आणि सुरक्षितता आहे. हे डोक्यात असेल तर तुम्ही पाट्या टाकणार नाही.

उलट, पालघरमध्ये नोकरी करणाऱ्या कुटुंबाचा फ्लॅट वरच्या मजल्यावर असेल, तर त्यांची तक्रार रात्रीची असते. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळनंतर उष्णता खाली सोडत राहतो.

दोन्ही ग्राहक म्हणतात, "घर तापतं." पण एकाला दुपारी दोनचा उपाय हवा आहे आणि दुसऱ्याला रात्री दहाचा. म्हणून हा पहिला प्रश्न कधीच चुकवू नका.

२. उष्णता घरात येते कशी?

तीन वाटा आहेत.

- ऊन छपरावर पडतं आणि छप्पर ते शोषतं. इथे रंग कामाचा. पांढरा पृष्ठभाग ऊन परत पाठवतो.
- तापलेल्या छपरातून उष्णता आत झिरपते. इथे जाडी आणि माल कामाचा. ग्लासवूल, थर्मोकोल, एक्सपीएस बोर्ड, पफ हे सगळे यासाठी. खरं काम त्यांच्यात अडकलेली हवा किंवा वायू करतो.
- तापलेला पत्रा खालच्या माणसावर उष्णता फेकतो. शेगडीजवळ हात नेला की न शिवता चटका जाणवतो ना, तसं. इथे चकचकीत फॉइल किंवा मधली सिलिंग कामाची.

आता एक हिशोब पाहा. एप्रिलच्या दुपारी स्वच्छ उन्हात दर चौरस मीटरवर साधारण ९०० वॅट ऊन पडतं असं धरा. दहा बाय बाराची खोली म्हणजे अंदाजे ११ चौरस मीटर. जुना, काळपट पडलेला पत्रा यातलं पाऊण ऊन शोषत असेल, तर झाले जवळपास ७,४०० वॅट. पाणी तापवायचा रॉड १,००० वॅटचा असतो. म्हणजे छपरावर सात रॉड चालू आहेत! यातली बरीच उष्णता वाऱ्याने आणि आकाशाकडे निघून जाते, पण उरलेली आत येते. चांगला, नवा पांढरा कूल रूफ रंग ७० ते ८० टक्के ऊन परत पाठवतो. तो लावल्यावर शोषलेली उष्णता उरते साधारण अडीच रॉडएवढी.

म्हणून कोणत्याही छपराला पहिला उपाय बहुतेक वेळा बाहेरून आणि पांढरा असतो. वाट सुरुवातीलाच अडवायची. अहमदाबाद महापालिकेने २०१७ मध्ये झोपडपट्टीतल्या घरांसाठी कूल रूफचा कार्यक्रम सुरू केला. तेलंगणाने २०२३ मध्ये कूल रूफचं स्वतंत्र धोरणच आणलं. दोन्हीकडे पाया हाच.

३. आपल्या भागातली चार छपरं आणि त्यांची उत्तरं

सिमेंटचा पत्रा (चाळ, बैठी घरं). आधी धुऊन बाहेरून पांढरा कूल रूफ रंग, दोन हात. पैसे असतील तर आतून मधे हवेची पोकळी सोडून सिलिंग. दोन्ही केलं तर दुपारच्या झोपेचा प्रश्न खऱ्या अर्थाने हलतो. पण लक्षात ठेवा, जुन्या सिमेंट पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं. तो कोरडा घासू नका, तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर लावू नका. ओला करून मऊ ब्रशने साफ करा आणि चांगला मास्क वापरा. त्याचे तंतू फुप्फुसात गेले की परत येत नाहीत.

लोखंडी पत्रा (शेड, गाळे, गच्चीवरचं छप्पर). पातळ आहे म्हणून झटकन तापतो आणि सूर्य उतरला की झटकन निवतो. गंज असेल तर आधी गंज काढून प्रायमर, मगच पांढरा रंग. नवीन शेड होणार असेल तर ग्राहकाला सुरुवातीलाच पफ पॅनेलचा पर्याय सांगा. आधी साधा पत्रा, मग इन्सुलेशन, मग सिलिंग असं तीनदा करण्यापेक्षा तो हिशोब कधी कधी बरा पडतो.

आरसीसी स्लॅब. हा दिवसभर उष्णता साठवतो. इन्सुलेशन स्लॅबच्या वर टाकलं तर स्लॅब तापतच नाही, आणि तापून-निवून पडणाऱ्या भेगाही कमी होतात. खालून सिलिंग केली तर खोलीला आराम मिळतो, पण स्लॅब वर तापतच राहतो. जमेल तिथे वरूनच करा. गच्चीवर पांढरी चायना मोझॅक हाही आपल्याकडचा जुना, टिकाऊ उपाय आहे. पावसासाठी गच्चीवर शेड टाकायची असेल, तर तीच स्लॅबला सावली देते. चारी बाजूंनी वारा खेळता ठेवला की उत्तमच. फक्त नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीची परवानगी ग्राहकाने आधी घ्यावी, हे कोटेशनमध्ये लिहा.

मंगलोरी कौलं. कौलांच्या फटींतून गरम हवा बाहेर जाते, हाच त्यांचा गुण आहे. त्या फटी सिलिकॉन भरून बंद करणारे महाभाग आहेत. तसं करू नका. खाली हवेची पोकळी सोडून सिलिंग किंवा फॉइल लावा आणि आढ्याजवळ हवा निघायला वाट ठेवा. पावसाळ्याआधी शाकारणी होते, तेव्हा कौलं उतरलेलीच असतात. ती वेळ साधली तर मजुरी वाचते.

पाचवं छप्परही आठवा. डहाणू, जव्हार, विक्रमगडकडची कारवीच्या कुडाची घरं, वर जाड गवताचा थर. गवतात अडकलेली हवा म्हणजे इन्सुलेशनच. आपल्या भागाला हे शास्त्र नवीन नाही. घरं पत्र्याची झाली आणि तो थर गेला, एवढंच.

४. जाडी किती हवी? सोपं गणित

ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची इको-निवास संहिता २०१८ सालची. घराच्या छपरासाठी तिने 'यू-व्हॅल्यू'ची कमाल मर्यादा १.२ ठेवली आहे. यू-व्हॅल्यू म्हणजे छपरातून उष्णता किती सहज आत येते त्याचा आकडा. जितका कमी, तितकं बरं.

- साधा १५० मिमी आरसीसी स्लॅब: साधारण ३.३
- त्यावर २५ मिमी एक्सपीएस बोर्ड: साधारण ०.९
- त्यावर ५० मिमी एक्सपीएस बोर्ड: साधारण ०.५

काय दिसलं? पहिल्या २५ मिमीने आकडा २.४ ने खाली आला. पुढच्या २५ मिमीने फक्त ०.४ ने. म्हणजे पहिला इंच सगळ्यात जास्त काम करतो. ग्राहकाचं बजेट कमी असेल तर "तीन इंच नाही तर काहीच नको" असं म्हणू नका. एक इंच नीट बसवा आणि वरून पांढरं करा.

आणि कोणी "एक मिलिमीटरचा रंग म्हणजे इन्सुलेशनच" असं सांगत असेल तर हसून सोडून द्या. पांढरा रंग ऊन परत पाठवतो, ते त्याचं खरं आणि मोठं काम. जाडीचं काम तो करत नाही. तुम्ही ग्राहकाला हे दोन्ही वेगळे करून सांगितलं की तुमच्यावरचा विश्वास तिथेच वाढतो.

५. माल घेताना आणि लावताना सांभाळायच्या गोष्टी

फॉइलला पोकळी लागते. बबल फॉइल पत्र्याला चिकटवलं आणि खाली लगेच प्लायवूड दाबून बसवलं, तर चकाकीचा उपयोग जवळजवळ संपतो. चकचकीत बाजूसमोर किमान इंचभर हवा हवी. फॉइलवर धूळ बसली की गुण कमी होतो, म्हणून चकचकीत बाजू शक्यतो खाली ठेवा.

ओलं इन्सुलेशन म्हणजे फुकट गेलेलं इन्सुलेशन. आपल्याकडे पाऊस चार महिने आणि हवा दमट. पत्र्याच्या आतल्या बाजूलाही पहाटे पाणी सुटतं. ग्लासवूल भिजलं की त्यातली हवा जाते आणि पाणी येतं, मग ते उष्णता अडवत नाही. गळती आधी काढा, इन्सुलेशन नंतर. गच्चीवर वापरायचं तर पाणी न पिणारा एक्सपीएस बोर्ड बरा. आधी गच्चीवर पाणी साठवून एक-दोन दिवस गळती तपासा. उतार पाइपाकडेच राहील हे पाहा. वर ५० मिमी कोबा टाकला तर दर चौरस मीटरला १०० किलोपेक्षा जास्त वजन वाढतं. जुनी इमारत असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय हात लावू नका.

आग. साधं थर्मोकोल पेटतं, वितळून थेंब पडतात आणि काळा धूर होतो. पफही जळतो. एका खोलीच्या घरात गॅसची शेगडी छपराखालीच असते. तिथे उघडं थर्मोकोल अजिबात लावू नका. रॉकवूल किंवा ग्लासवूल झाकून लावा, आणि जुनी वायरिंग आधी दुरुस्त करून घ्या.

खारी हवा आणि धूर. समुद्राजवळ आणि कारखान्यांच्या बाजूला स्क्रू, क्लिपा लवकर गंजतात. चांगल्या प्रतीचे गंजरोधक स्क्रू वापरा. चार पैसे तिथे वाचवू नका. पांढरा रंग धुळीने आणि पावसाळ्यातल्या शेवाळाने काळवंडतो, मग ऊन कमी परतवतो. पण यातच तुमचा पुढचा धंदा आहे. दरवर्षी होळीच्या आसपास छप्पर धुऊन, तपासून देण्याचा करार करा. एकदाचा ग्राहक कायमचा होतो.

तुमची माणसं. सिमेंट पत्र्यावर थेट पाय देऊ नका. तो न सांगता तुटतो. फळ्या टाका, पाय नेहमी आधाराच्या वर येऊ द्या, दोर आणि बेल्ट वापरा. काम सकाळी लवकर आणि चार वाजल्यानंतर. मे महिन्यात दुपारी माणूस छपरावर चढवणं म्हणजे जोखीम विकत घेणं.

६. कुठे 'नाही' म्हणायचं

- मधल्या मजल्यावरचा फ्लॅट: वर छप्परच नाही, तर छपराचा उपाय काय करणार?
- संध्याकाळी पाचला पश्चिमेच्या भिंतीला हात लावून पाहा. भिंत चटका देत असेल तर आधी तिला सावली हवी.
- खोलीला खिडकी एकच आणि समोरून वारा नाही: आधी हवा जायची वाट करा. चांगलं इन्सुलेशन दिवसा उष्णता आत येऊ देत नाही, तसंच रात्री माणसांची आणि शेगडीची उष्णता बाहेरही सहज जाऊ देत नाही. रात्री खिडक्या उघड्या हव्यातच.

आणखी एक खरी गोष्ट ग्राहकाला सांगा. आपला त्रास निम्मा दमटपणाचा आहे. हवामान खातं किनारपट्टीवर ३७ अंशांनंतरच उष्णतेच्या लाटेचा विचार करतं, सपाट प्रदेशात ४० अंशांनंतर. छपराचं काम घाम थांबवत नाही, पंखा लागणारच. ते डोक्यावरचा चटका कमी करतं. जेवढं होतं तेवढंच सांगा.

७. मोजून दाखवा

एक इन्फ्रारेड थर्मामीटर आणि एक साधा खोलीचा थर्मामीटर घ्या. कामाच्या आधी आणि नंतर, दुपारी अडीचला आणि रात्री नऊला मोजा. छताची आतली बाजू आणि खाटेच्या उंचीवरची हवा, दोन्ही लिहा.

दोन युक्त्या लक्षात ठेवा. पहिली: चकचकीत फॉइल किंवा नव्या पत्र्यावर इन्फ्रारेड थर्मामीटर चुकीचा, बहुधा कमी आकडा दाखवतो. तिथे काळ्या टेपचा तुकडा चिकटवा आणि टेपवर मोजा. दुसरी: काल ढगाळ, आज ऊन, मग तुलना कशी होणार? चाळीत हे सोपं आहे. शेजारची तशीच खोली निवडा, एक केलेली, एक न केलेली, आणि दोन्ही एकाच वेळी मोजा. शेजारचे लोकच तुमचे पुढचे ग्राहक असतात, आणि त्यांनी आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असतो.

८. कोटेशन: पैसे कोण देतो आणि किती?

चाळीत गरम होतं भाडेकरूला आणि छप्पर असतं मालकाचं. हा पेच सोडवल्याशिवाय ऑर्डर येत नाही. मालकाला बाहेरचा रंग, गळती आणि पत्र्याचं आयुष्य या भाषेत समजवा. भाडेकरूला मालकाच्या परवानगीने काढून नेता येईल अशी स्क्रूची सिलिंग सुचवा. दोघांना वेगळं कोटेशन द्या.

आता एका कामाचा हिशोब. हे आकडे फक्त पद्धत समजण्यासाठी आहेत. तुमचे दर पालघर-बोईसरच्या दुकानांत विचारून भरा.

समजा चार खोल्यांचं छप्पर, सपाट माप ६०० चौरस फूट. पत्रा नागमोडी असल्याने रंग लागणारं क्षेत्र जास्त भरतं. १५ टक्के वाढवा, झालं ६९० चौरस फूट. माल या मापाने काढा.

- माल: ९,००० रुपये
- मजुरी, ३ माणसं, २ दिवस, ७०० रुपये रोज: ४,२०० रुपये
- टेम्पो, फळ्या, ब्रश, मास्क: १,२०० रुपये
- बेरीज: १४,४०० रुपये
- पुन्हा जावं लागलं तर राखीव ५ टक्के: ७२० रुपये
- एकूण खर्च: १५,१२० रुपये
- त्यावर २५ टक्के नफा: ३,७८० रुपये
- कोटेशन: १८,९०० रुपये, म्हणजे सपाट मापाने चौरस फुटाला साडेएकतीस रुपये

इथे दोन गोष्टी पाहा. नफा खर्चावर २५ टक्के असला तरी विक्रीवर तो २० टक्केच आहे. ग्राहकाने "दहा टक्के कमी करा" म्हटलं आणि तुम्ही हो म्हणालात, तर १,८९० रुपये जातात, म्हणजे तुमचा निम्मा नफा गेला. आणि नागमोडी पत्र्याचे १५ टक्के विसरलात तर हजार-बाराशे रुपयांचा माल तुमच्या खिशातून जाईल. सूट द्यायची वेळ आलीच तर दर कमी करू नका, काम कमी करा: "आधी दोन खोल्या करू, फरक मोजू, मग उरलेल्या."

कोटेशनवर चार ओळी हव्यातच: कोणता माल, किती हात किंवा किती मिमी, कशाची हमी आहे, आणि कशाची नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात: उद्यम नोंदणी मोफत आहे, तिच्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. सुरुवातीला ५० हजारांपर्यंतचं भांडवल हवं असेल तर मुद्रा योजनेतल्या 'शिशु' कर्जासाठी बँकेत विचारा. हंगाम फेब्रुवारी ते मे हाच. जूनमध्ये पाऊस आला की बाहेरचं काम बंद. पावसाळ्यात गळतीची पाहणी करा आणि ऑक्टोबरच्या उकाड्याआधी पुन्हा फिरा.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या वस्तीतली पाच छपरं निवडा. प्रत्येकाचा प्रकार, वय, गळती आणि खाली कोण कधी झोपतं ते लिहा.
२. दुपारी अडीचला आणि रात्री नऊला मोजमाप घ्या.
३. प्रत्येक छपराला एक उपाय लिहा, आणि तोच का, ते एका वाक्यात लिहा.
४. तीन दुकानांतून दर घेऊन एक खरं कोटेशन तयार करा.
५. पाचांपैकी किमान एका घराला 'तुम्हाला छपराच्या कामाची गरज नाही' असं सांगता येतं का, ते पाहा.

पाचवा मुद्दा सोपा वाटतो, पण धंदा तिथेच उभा राहतो. ज्या घराला तुम्ही नको तो खर्च करू दिला नाही, ते घर तुमचं नाव पुढच्या दहा घरांत घेऊन जाईल. चला तर, वही घ्या आणि वर बघायला लागा!